तोफेसाठी आखूड रॉड

मला न विचारता सल्ला द्यायची खोड आहे. शाळेत होते तेव्हा बाईंना फळा कसा पुसायचा ते सांगायचे. नववीत शाळा सोडली, शाळेनेही फार आग्रह केला नाही, आणि तेव्हापासून लाँड्रीत मुकादमाला माणसं कशी सांभाळायची ते सांगते. त्यामुळे मावशीसाठी मासे धरायचं सामान मीच निवडणार असं मी ठरवलं, यात नवल काही नव्हतं. मी तोवर मासा फक्त ताटात पकडला होता, तोही काट्यासकट.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. मी तिच्याकडेच वाढले. आईवडिलांचं काम फिरतीचं, आणि माझं तोंड एकाच गावात राहिलेलं बरं, असं घरच्यांनी ठरवलं. लाँड्रीच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर आमच्या दीड खोल्या. दीड अशासाठी की अर्ध्या खोलीत उभं राहिलं की डोकं छताला लागतं. माझं लागतं. मावशी बुटकी आहे, तिला ती पूर्ण वाटते.

आमची लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी टेम्पो भरून येतात आणि टेम्पो भरून जातात. मावशी तिथे मोठ्या प्रेसवर होती. प्रेसचं झाकण डोक्याच्या वर असतं, दांडा धरून ते खाली ओढायचं, वाफ सोडायची, पुन्हा वर ढकलायचं. दिवसभर तेच. सुट्टीच्या दिवशी माणसाने अशा हाताला आराम द्यावा. मावशी रॉड घेऊन खडकांवर जायची.

धक्क्याच्या पलीकडे समुद्रात घुसलेले काळे खडक आहेत. तिथे दोन जातींचे लोक मासे धरतात. वरच्या उंच खडकावर उभे राहून लांब फेकणारे, आणि खालच्या सपाट खडकावर बादल्या उलट्या घालून त्यावर बसणारे. खालचे सगळे म्हातारे. गळ पायाशी सोडतात आणि पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटकडे बघत गप्पा मारतात. मावशी अर्थातच वर. ती फेकायची तेव्हा दोरीच्या टोकाचं शिसं असं जायचं की बाजूचे पुरुष आपलं फेकणं थांबवून बघायचे. त्यांनीच तिला तोफ म्हणायला सुरुवात केली. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची, आणि घरी आल्यावर मला सांगायची.

खालच्या लोकांना ती बादलीवाले म्हणायची. "ते कुठे मासे धरतात?" म्हणायची. "पाय धुवायला येतात, आणि आलेच आहेत म्हणून गळ बुडवतात."

मग तिचा खांदा आखडला. आधी दुखायचा, मग हात वरच जाईना. कानापर्यंत जायचा आणि तिथे थांबायचा, जसं कुणी मागून मनगट धरलंय. डॉक्टरने भिंतीवर बोटं चालवायला सांगितली. ती रोज भिंतीसमोर उभी राहून बोटांनी चढत जायची आणि घड्याळाच्या खाली अडकायची. मी मुकादमाशी भांडायला गेले की हिला प्रेसवरून काढा, माणूस आहे की यंत्र. मुकादम म्हणाला, "कालच काढलंय. आजपासून गठ्ठ्यांच्या टेबलावर आहे, तुझ्या शेजारी. तुला कळवलं नाही का?" कळवलं होतं. मी बोलत होते म्हणून ऐकलं नव्हतं. वर मोठ्याने बोलले म्हणून माझी चहाची सुट्टी गेली ती वेगळी.

खडकावर जाणं बंद झालं. सुट्टीच्या दिवशी मावशी घरात बसायला लागली आणि घडी घातलेले टॉवेल उलगडून पुन्हा घडी घालायला लागली. बोलणं कमी, टोमणे तर बंदच. मला टोमण्यांशिवाय जेवण जात नाही. प्रेस बंद केल्यावर कशी हळूहळू थंड होत जाते, वरून कळतही नाही, तसं चाललं होतं तिचं. एका सकाळी तिने छताजवळच्या खिळ्यांवरचा जुना रॉड माझ्याकडून काढून घेतला आणि म्हणाली, "हा देऊन टाक कुणाला. जागा अडवतो."

तिथे पालीशिवाय कुणाला जागा लागत नव्हती. मी रॉड कॉटखाली सरकवला आणि ठरवलं, मावशी पुन्हा खडकावर गेली पाहिजे. बाकी काही झालं नाही तरी चालेल, पण ही बाई टॉवेलांच्या घड्या घालत म्हातारी होता कामा नये.

माझं डोकं असं चाललं. लाँड्रीत ट्रॉलीचं चाक अडकलं की आम्ही लांब पाइप घालून उचलतो. दांडा लांब, तर जोर कमी. म्हणजे रॉड लांब, तर खांद्याला कष्ट कमी. इतकी सोपी गोष्ट कुणाला सुचली नाही याचं मला आश्चर्य वाटलं. मी मासेमारीच्या दुकानात गेले.

दुकानदार बारीक माणूस, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणारा. "कुणासाठी हवाय, ताई?" त्याने विचारलं.

खरं सांगितलं असतं तर दुपारपर्यंत सगळ्या खडकांना कळलं असतं की तोफेला रॉड झेपत नाही. मावशीची लाज मी अशी दुकानात मांडणार नव्हते. म्हणाले, "माझ्यासाठी."

"कुठून टाकणार?"

"वरच्या खडकावरून. लांब."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी उंच आहे, आणि गठ्ठे उचलून दंड असे झालेत की जॅकेटच्या बाह्या उसवतात.

"खांदा कसा आहे?"

"ठणठणीत."

"मग हा घ्या," म्हणाला, आणि त्याने मला जो रॉड दिला तो माझ्यासाठी अगदी योग्य होता. लांब, ताठ, जड. वर मोठं रील, जाड दोरी, मुठीएवढी शिशं. त्याची काहीच चूक नाही. मी म्हैस मागितली, त्याने म्हैस दिली.

बूट मात्र मी दुसरीकडून घेतले, त्याचं भाषण नको म्हणून. गुडघ्यापर्यंतचे रबरी, तळ गुळगुळीत, चकचकीत काळे. त्यात मी रुबाबदार दिसत होते.

हे रॉड दोन तुकड्यांत असतात, पिशवीत घालून काखेत मारून नेता येतात. मी तो जोडूनच घरी नेला. रस्त्यात लोकांना दिसायला नको? जिन्याच्या वळणावर तो अडकला. पुढेही जाईना, मागेही येईना. मागच्या टोकाने शेजारणीच्या दाराची घंटा वाजत राहिली आणि पुढच्या टोकाने जिन्यातला दिवा फुटला. मावशी दारात आली.

"हे काय?"

"रॉड."

"ते दिसतंय. जिन्यात कुणाला धरतेयस?"

मी सांगितलं की मला शिकायचंय, तू शिकव.

"तुला?" ती म्हणाली. "तू दूध तापेपर्यंत गॅससमोर उभी राहत नाहीस."

पण टोमणा आला होता. किती दिवसांनी. मला इतकं बरं वाटलं की मी शेजारणीची माफीसुद्धा मागितली.

सुट्टीच्या दिवशी आम्ही वरच्या खडकावर गेलो. मावशीच्या पायात तिचे ते कापडी बूट होते, तळाला जाड नमदा, म्हणजे दाबलेली लोकर, शिवलेले. प्रेसच्या पाटावरचा नमदा झिजला की फेकून देतात, मावशी तो घरी आणते. शेवाळाच्या खडकावर तो असा धरतो की पाय हलत नाही. तिने माझे रबरी बूट पाहिले. "यात काय मासे ठेवणार आहेस?"

"पाणी आत जात नाही," मी म्हणाले.

"गेलं की बाहेरही येत नाही," ती म्हणाली.

पहिल्यांदा मी फेकलं ते मागे गेलं. दुसऱ्यांदा गळ माझ्याच जॅकेटच्या टोपीत अडकला आणि मी स्वतःलाच समुद्रात फेकायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा पुढे गेलं आणि खाली खडकांच्या कपारीत बसलं ते बसलंच. मावशी म्हणाली की शिसं नेहमी बारीक दोरीने बांधायचं, म्हणजे अडकलं तर तेवढंच तुटतं, बाकीचं परत मिळतं. मी सगळ्यात जाड दोरी वापरली होती, मजबूत म्हणून. आता मी एका टोकाला आणि पूर्ण किनारा दुसऱ्या टोकाला. शेवटी दोरी कापावी लागली. असं पुन्हा झालं. आणि पुन्हा. मावशी बाजूला बसून दातओठ खात होती. स्वयंपाक करणारीला दुसरीचं करपताना बघवत नाही ना, तसं.

"दे इकडे," ती शेवटी म्हणाली.

मी नको म्हणायला हवं होतं. पण मला तर हेच हवं होतं. मी रॉड दिला.

तिने पाय रोवले, रॉड मागे नेला, उजवा हात वर उचलला. कानापर्यंत गेला आणि थांबला. लांब रॉडचं सगळं वजन त्या थांबलेल्या हातावर आलं. तिचं तोंड पांढरं पडलं. रॉड वाकडा झाला आणि शिसं तिच्या बुटाच्या पुढे टपकन पडलं.

खालचे बादलीवाले बघत होते. ते हसले असते तर बरं झालं असतं, मी खाली जाऊन एकेकाची बादली समुद्रात टाकली असती. पण कुणी हसलं नाही. सगळ्यांना एकदम आपापल्या फ्लोटकडे बघायचं काम निघालं. त्यांच्यातले एक घड्याळं दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांनी तर भलत्याच वेळी डबा उघडला आणि त्यात तोंड घातलं.

मावशीने रॉड माझ्या हातात दिला. "तेव्हाच सांगितलं होतं, देऊन टाक," म्हणाली आणि एकटी निघून गेली.

मी खडकावर बसून राहिले. मला आपली अक्कल पाजळायची फार हौस, आणि तिची किंमत मावशीच्या खांद्याने दिली होती, तीही सगळ्यांसमोर. मी दुकानात तिची लाज झाकायला खोटं बोलले, म्हणून रॉड माझ्या खांद्याचा मिळाला. इतका साधा हिशेब मला नववी पास असते तरी आला नसता बहुतेक.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी पुन्हा दुकानात. बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत उभी राहिले. मग सगळं सांगितलं.

"तू तोफेची भाची?" दुकानदाराने कपाळावरचा चष्मा खाली घेतला. आता ताई वगैरे गेलं. "मग आधी का बोलली नाहीस? हात कुठपर्यंत जातो तिचा?"

मी माझा हात उचलून दाखवला.

त्याने कोपऱ्यातून एक आखूड रॉड काढला. टोक इतकं नरम की फुंकर मारली तर हलेल. छोटं रील लावलं आणि त्याचं हँडल काढून डाव्या बाजूला बसवलं. "उजवा हात कमरेशी राहू दे. तो फक्त धरेल. फिरवायचं डाव्याने." मग बारीक दोरी, लहान गळ, वाटाण्याएवढी शिशं आणि लाल टोकाचा फ्लोट. "टाकायचं नाही. सोडायचं. लाट खडकावर फुटते ना, तिथे शिंपले, किडे, सगळं सुटून पाण्यात पडतं. मासे तिथेच खायला येतात."

"हे बादलीवाल्यांचं सामान आहे," मी म्हणाले.

"हो."

"मावशी मला घराबाहेर काढेल."

"आखूड आहे," तो म्हणाला. "पाठीत फार लागणार नाही."

मावशीने पाठीत घातलं नाही. तिने बघितलंच नाही. रॉड टेबलावर ठेवला तर त्यावर टॉवेल ठेवले. "मला पाय धुवायचे तर घरात नळ आहे," एवढंच म्हणाली. मी सांगून पाहिलं की लाट फुटते तिथे शिंपले सुटतात वगैरे. ती म्हणाली, "तू मला समुद्र शिकव आता."

मग सुट्टीच्या दिवशी मी एकटीच गेले. माझा काही बेत नव्हता, उगाच खोटं कशाला सांगू. मला राग आला होता. तिचा, खांद्याचा, रॉडचा. मला राग आला की मला बसवत नाही. आखूड रॉड घेतला, पायात ते रबरी बूट घातले आणि थेट खालच्या खडकावर गेले.

बादलीवाल्यांनी सरकून जागा दिली. मी गळ सोडला तो शेवाळात अडकला. पुन्हा सोडला, तो घड्याळवाल्या काकांच्या दोरीत. काकांनी दोन्ही दोऱ्या अशा शांतपणे सोडवल्या की मला आणखी लाज वाटली. "सावकाश," म्हणाले. "मासा काही टेम्पो नाही, चुकायला." मी उभी राहून त्यांना काहीतरी उत्तर द्यायला वळले आणि मागून आवाज आला.

"समुद्राकडे पाठ करून कोण उभं राहतं?"

मावशी. धापा टाकत, हातात कापडी बूट. तिच्या पायात तिचे होतेच, हे दुसरे होते. माझे शाळेतले जुने पांढरे बूट, तळाला प्रेसचा नमदा शिवलेला.

"ते रबरी काढ. दाराशी दिसले नाहीत तेव्हाच कळलं मला. शेवाळावर घसरलीस तर खाली कोण उतरणार, हे उतरणार?" तिने म्हाताऱ्यांकडे हात केला.

"हे कधी शिवलेस?"

"तू दुकानात शहाणपणा करत होतीस तेव्हा."

मी बूट बदलले. पाय खडकाला चिकटला. मी काही बोलले नाही, म्हणजे बघा.

एवढ्यात माझा गळ पुन्हा अडकला आणि तुटला. मावशीने इतका वेळ सहन केलं हेच फार. काकांनी उठून आपली बादली तिच्याकडे सरकवली. ती नको म्हणाली, मग खांदा धरून बसली. "मी फक्त दाखवते," म्हणाली. "दाखवून जाणार आहे."

तिने डबीतून नवीन गळ काढला आणि बांधायला लागली. दोरीकडे तिचं लक्षच नव्हतं, सगळं माझ्याकडे. रॉड असा धरतात का, आमिष असं लावतात का, घरातून न सांगता कुणी निघतं का. बोटं आपली आपण चालत होती. गाठ झाली, तिने कोळंबीचा तुकडा लावला आणि गळ लाटेच्या फेसात सोडला. हात कमरेच्या वर गेलाच नाही.

फ्लोट वर आला, खाली गेला, फेसात हरवला, पुन्हा दिसला. म्हातारे बघत होते, पण न बघितल्यासारखं. मग फ्लोट बुडाला आणि वर आलाच नाही.

मावशीने मनगट उचललं तसा तो आखूड रॉड असा वाकला की टोक पाण्याला लागलं. रील ओरडायला लागलं. "बाई गं," मावशी हळूच म्हणाली, आणि डावा हात फिरवायला लागली. मासा खडकाखाली घुसायचा, ती रॉड आडवा करून त्याला बाहेर काढायची. तो पुन्हा घुसायचा. उजवा हात कमरेशी टेकलेला, नुसता धरून. म्हातारे उभे राहिले, कुणीतरी जाळी घेतली. एकदा पाण्यात त्याची कूस चमकली, रुंद, करडी. मी मासा बघत नव्हते. मावशीचं तोंड बघत होते. प्रेस पुन्हा तापली होती.

आणि दोरी सैल पडली.

एकदम. रॉड सरळ झाला, फ्लोट उडून खडकावर पडला. मावशीने रिकामी दोरी गुंडाळून वर घेतली. घड्याळवाल्या काकांना बारीक बघायची सवय, ते दोरी डोळ्याजवळ नेऊन टोक बघायला लागले.

"तुटलेली नाही," म्हणाले. "तुटली असती तर टोक साधं असतं. हे बघा, कुरळं झालंय. गाठ सुटलीय." मग वर बघून, "कुणी बांधली होती?"

मी ते कुरळं टोक पाहिलं आणि मला कळलं. दवाखान्यांचे गठ्ठे आम्ही ज्या गाठीने बांधतो ती गाठ. तिथे बायकांचे हात कामात असतात, एक टोक ओढलं की गठ्ठा उघडला पाहिजे. म्हणून शेवटचा वेढा दुहेरी घेऊन आत सरकवायचा. ओढलं की सुटते, त्यासाठीच असते ती. मावशी टेबलावर दिवसभर तीच बांधते. माझ्यावर ओरडता ओरडता तिच्या बोटांनी गठ्ठा बांधला होता.

मावशीनेही टोक पाहिलं होतं.

"मी," मी म्हणाले. "मी बांधली. घाई केली."

म्हातारे हसले. वाईट नाही, आपले हसले. एकाने लगेच मला सुटी असं नाव ठेवलं. सुटी गाठ, त्यातली सुटी. काका म्हणाले, एवढा मासा या खडकाने बऱ्याच काळात बघितला नव्हता, आणि सुटीने तो बघू दिला हेही काही कमी नाही. मी दात काढून उभी राहिले. मावशी समुद्राकडे बघत होती.

पुढचा सगळा आठवडा मी स्वतःला फार थोर समजत होते. एवढं मोठं मी अंगावर घेतलं, निदान एक कप चहा तरी आयता मिळेल. मिळाला नाही. मावशी म्हणाली, तुझे गठ्ठे सैल बांधलेले असतात. बाकी काही नाही. टेबलावर ती एक गाठ बांधायची, ओढायची, बघायची, पुन्हा बांधायची. मुकादमाने विचारलं, काय चाललंय, तर तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो टेम्पो मोजायला गेला. मला भीती वाटायला लागली. खांदा गेला ते एक. पण आपली बोटंही आपली राहिली नाहीत असं जर तिच्या मनाने घेतलं, तर ती खडकच काय, खिडकीतून समुद्रही बघणार नाही. आणि मी तर खोटं बोलून त्यावर झाकण घालून ठेवलं होतं.

सुट्टीच्या दिवशी जाग आली तर मावशी बूट घालून उभी. हातात आखूड रॉड.

"चल," म्हणाली.

मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती परत बसली असती.

खालच्या खडकावर पोचतोय तोवर काकांनी हाक मारली, "ये सुटी, आज गाठ आधी मला दाखव. भिंगातून बघतो."

मावशी तिथेच थांबली. अजून खाली उतरलीही नव्हती.

"गाठ माझी होती," ती म्हणाली.

म्हातारे बघत राहिले.

"मी बांधली होती. गठ्ठ्याची गाठ. हिने उगाच स्वतःवर घेतलं. हिला गळाची गाठ येतच नाही, सुटेल कुठून?"

वर उंच खडकावरचे दोघेतिघेही ऐकत होते, ज्यांनी तिला तोफ म्हणायला सुरुवात केली तेच. तिने आवाज खाली आणला नाही. मला वाटलं, कुणी हसलं तर आज खरंच बादल्या जाणार.

काकांनी थोडा विचार केला. "परवा मी टीव्हीच्या रिमोटला चावी शोधत होतो," म्हणाले. "फिरवायला. सून बघत होती."

आधी एक म्हातारा हसला, मग सगळे. मावशी हसली नाही, पण खाली उतरली. "सरका जरा," म्हणाली. ते सरकले. तिने घरून बादली आणली होती, लाँड्रीतली, साबणाच्या पावडरची रिकामी. ती तिने उलटी घातली आणि बसली.

मग तिने गळ बांधला. या वेळी माझ्याकडे न बघता, दोरीकडे बघत, ओठ दाबून. बांधून झाल्यावर गळ स्वतः धरला, दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ओढ."

मी ओढलं.

"जेवतेस ते कुठे जातं? ओढ."

मी गठ्ठे उचलते तसं ओढलं. दोरीने माझं बोट कापलं. गाठ हलली नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली आणि गळ फेसात सोडला.

दुपारपर्यंत तिने प्रत्येकाला सांगून झालं होतं की तुमचा फ्लोट फार वर बांधलाय, तुमचं आमिष फार मोठं आहे, तुम्ही वाऱ्याच्या उलट बाजूला बसलायत. काका मला हळूच म्हणाले, "वर होती तेव्हा बरं होतं. ऐकू येत नव्हतं." मग मला कळलं, न विचारता सल्ला द्यायची खोड कुठून आलीय. आई उगाच वडिलांच्या घराण्याला नावं ठेवते.

तो मोठा मासा काही आला नाही. उन्हं तिरकी व्हायला लागली तेव्हा तिला एक मिळाला, तळहाताएवढा. वरच्या खडकावर असती तर तिने तो कुणाला दिसू न देता परत टाकला असता. इथे तिने तो डाव्या हातात धरून एकेका म्हाताऱ्याच्या नाकासमोर नेला. मला दोनदा दाखवला.